दोरीचं बाहेरचं टोक

नाखवांनी मला विचारलेला पहिला प्रश्न मला बावळटपणाचा वाटला होता. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रिकाम्या शेडमध्ये मी जमिनीवर नकाशा पसरून बसले होते. तो उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या होत्या. तेवढ्यात खाकी सुती शर्टातला, साठी ओलांडलेला एक काटक माणूस आला, नकाशाकडे ढुंकूनही न बघता छताकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्याडम, हितली हवा जाते कुठं?"

हवा जाते म्हणजे? हवा असते. मी तसं म्हटलंही. त्यांनी मान डोलावली, म्हणजे माझंही बरोबर असू शकतं अशा अर्थाने, आणि खांद्यावरच्या पिशवीतून हातभर लांबीची काठी काढली. तिच्या टोकाला मासेमारीच्या जाळ्याचा एक बारीक धागा बांधलेला होता. ती काठी पुढे धरून ते शेडभर फिरू लागले. दाराशी, खिडकीखाली, भिंतीच्या कोपऱ्यात, कधी उभ्याने तर कधी उकिडवे बसून. धागा ज्या बाजूला हलेल तिकडे खडूने जमिनीवर बाण काढत. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळी शेड बाणांनी भरली आणि माझ्या नकाशात जिथून ताजी हवा आत येणार होती, तिथले सगळे बाण बाहेर चालले होते. मी चांगली एम.टेक. झालेली. मला त्या माणसाचा रागच आला.

ही दोन हजार बारा-तेराच्या सुमाराची गोष्ट. आमची कंपनी यंत्रांचे सुटे भाग बनवायची. मालक देसाईसाहेबांनी परदेशातल्या एका प्रदर्शनात धातूची छपाई करणारं मशीन पाहिलं आणि ते आणायचंच असं ठरवून टाकलं. त्यासाठी सुरक्षित लॅब आखायचं काम माझ्याकडे आलं. पनवेलहून तळोज्याला रोज स्कूटीवर जाणारी मी, आयुष्यात असं मशीन पाहिलेलं नाही, पण वाचून सगळं येतं अशी खात्री बाळगून होते. नाखवांना देसाईसाहेबांनी सुरक्षेसाठी कंत्राटावर घेतलं होतं. ते करंजाच्या कोळीवाड्यातले. उरणच्या बाजूला एका गॅसच्या कारखान्यात आग आणि सुरक्षा या खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. मॅट्रिक पास की नापास हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आमची विचारायची छाती झाली नाही.

मशीन कसं चालतं हे मी त्यांना समजावून सांगायचं, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात ते मला प्रश्न विचारत आणि मी रात्री घरी जाऊन उत्तरं शोधत असे. टायटॅनियमची पावडर मैद्याहून बारीक. तिचा केसाइतका पातळ थर पसरायचा, त्यावर लेझर फिरवून हवा तेवढाच भाग वितळवायचा, मग दुसरा थर, मग तिसरा. असे हजारो थर चढले की पावडरीतून अगदी माणसाच्या जबड्यात बसवायचं धातूचं हाडसुद्धा तयार होऊन निघतं. नाखवांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आनि उरलेली पावडर जाते कुठं?"

बाकी सगळ्यांनी हाडाबद्दल विचारलं होतं. उरलेल्या पावडरीबद्दल विचारणारे तेवढेच. आणि खरी भानगड तिथेच होती. ती पावडर हवेत उडाली आणि एक ठिणगी पडली तर स्फोट होतो. पेटली तर तिच्यावर पाणी टाकायचं नाही, पाण्याने ती जास्तच भडकते. म्हणून मशीनच्या आत हवा ठेवतच नाहीत, अरगॉन नावाचा वायू भरतात. त्याला रंग नाही, वास नाही, तो विषारीही नाही. फक्त जिथे तो असतो तिथे श्वास घ्यायला हवा उरत नाही.

पावडरीचा नमुना आला तेव्हा नाखवांनी बंद बाटली उन्हात धरून भिंगातून अर्धा तास पाहिली. "सगले दाने गोल हायेत," असं स्वतःशीच म्हणाले. मलाही त्यांनी बघायला लावलं. मी त्या पावडरीबद्दल पन्नास पानं वाचली होती, पण दाणा खरोखर गोल असतो हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्यांच्या सवयी लवकरच सगळ्या शेडला माहीत झाल्या. ते कायम सुती कपडे घालत. खिशात पेन, किल्ल्या, चिल्लर काही नसे. डब्यात बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी, आणि तो डबा गेटबाहेरच्या करंजाच्या झाडाखाली बसूनच खायचा. शेडच्या दाराशी त्यांनी तांब्याची एक पट्टी ठोकून घेतली होती. तिची तार जमिनीत खोल पुरलेली. अंगावरची वीज तिथे उतरवूनच आत जायचं. नाखवा त्या पट्टीवर पंजा ठेवून डोळे मिटून क्षणभर थांबत. आमच्या वेल्डरला वाटलं की तिथे कुठला तरी देव आहे. तो एक दिवस पट्टीला फूल वाहून गेला. नाखवांनी फूल काढून टाकलं, पण वेल्डरला काही बोलले नाहीत. तो रोज हात लावत होता, तेवढं त्यांना पुरेसं होतं.

आग विझवायला कोरडी वाळू लागणार होती. मी सहज म्हटलं, काका, तुमच्या करंजाच्या किनाऱ्यावरून आणू की. तर माझ्याकडे असं बघितलं की मी विषयच बदलला. समुद्राची वाळू मीठ धरते, मीठ पाणी धरतं, आणि आपल्याला पाणीच तर नको आहे. एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी नदीची वाळू आणून चार दिवस पत्र्यावर वाळवली आणि झाकणाच्या डब्यांत भरून ठेवली.

आमचं पहिलं खरं भांडण ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रांवरून झालं. खोलीतला ऑक्सिजन कमी झाला की ती भोंगा वाजवतात. मी ती छताला लावली होती, धुराची यंत्रं लावतात तशी. नाखवांनी नकाशावर बोट ठेवलं. अरगॉन जड की हलका? जड. मग जातो कुठं? खाली. तरी देसाईसाहेबांसमोर मी हट्टाने म्हटलं की एवढ्या खोलीत तो मिसळून जातो, खाली साचणार नाही. नाखवांनी वाद घातला नाही. त्यांनी अंगणात एक प्लॅस्टिकची बादली ठेवली, सिलिंडरच्या नळीने तिच्यात हळूच अरगॉन सोडला आणि तारेला मेणबत्ती अडकवून पेटवली. बादली रिकामीच दिसत होती. मेणबत्ती काठाच्या खाली गेली आणि चिमटीत धरल्यासारखी विझली. त्यांनी ती पुन्हा पेटवली, पुन्हा खाली सोडली. तीन वेळा. तिसऱ्या वेळी त्यांनी तारेचं टोक मनगटाला गुंडाळून घेतलं, पण सवय असेल म्हणून मी सोडून दिलं. त्याच दुपारी मी एक यंत्र गुडघ्याच्या उंचीवर आणि एक नाकाच्या उंचीवर आणलं. त्या दिवसापासून मी 'म्याडम'ची 'बाय' झाले, आणि तुमीची तू.

त्यांच्या तीन मागण्या मात्र कुणालाच पटत नव्हत्या. पहिली, मशीनच्या खोलीला मोठी काचेची खिडकी, अशी की आतला प्रत्येक कोपरा बाहेरून दिसला पाहिजे. दुसरी, दाराला उंबरठा नको. पावडर बाहेर येऊ नये म्हणून मी चांगला चार बोटं उंच उंबरठा काढला होता, तो त्यांनी खोडायला लावला. पावडर अडवायला दाराखाली ब्रश लाव म्हणाले, काठ नको, काठाला ओढलेलं अडतं. ओढलेलं काय, ते सांगितलं नाही. तिसरी मागणी दोरीची. भोंगा वाजला की आधी बाहेरच्या बटणाने आतला वायू बाहेर फेकणारा पंखा लावायचा आणि थांबायचं. जावंच लागलं तर अंगात पट्टा घालून, पट्ट्याला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक दाराबाहेर माणसाच्या हातात. नायलॉन घासून ठिणगी पडते म्हणून दोरी सुती. उरणच्या बाजारातून ती त्यांनी स्वतः निवडून आणली आणि तिची टोकं सुताने गुंडाळून घट्ट केली.

मशीन चालवायला नेमलेला विलास पनवेलचाच होता, हुशार आणि तोंडाळ. तो म्हणाला, काका, आम्ही काय गोठ्यातली जनावरं आहोत का? सगळे हसले, मीही हसले. नाखवासुद्धा हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांकडून पट्टा घालायचा सराव करून घेऊ लागले. डोळे मिटून, तीस आकडे मोजायच्या आत.

खिडकीला देसाईसाहेबांनी नकार दिला. भिंतीत जागा सोडून ठेवली होती, तिच्यावर प्लायवुड ठोकलं गेलं. ते प्लायवुड खाली उतरलं खंडेनवमीला. मशीन नुकतंच बसलं होतं, पावडरीचे डबे अजून सीलबंद होते. देसाईसाहेबांच्या आई पनवेलहून मशीनची पूजा करायला आल्या. हातात ताट, ताटात निरांजन, कुंकू, झेंडूची फुलं, नारळ. दारात नाखवा उभे. त्यांनी आधी वाकून नमस्कार केला आणि मग सांगितलं की दिवा आणि नारळ आत जाणार नाही.

देसाईसाहेब चिडले. आज आत पावडरच नाही, मग भीती कसली? नाखवा म्हणाले, "शेट, आज चालंल. मना मान्य हाय. पन पुढच्या वर्षी पावडर असंल, तवा आईंना दारात कोन अडवंल? मी नसंन."

आईच शेवटी म्हणाल्या, अरे, मला मशीन दिसलं तरी पुरे आहे. मग विलासने आणि मी मिळून प्लायवुड काढलं. आईंनी बाहेरूनच निरांजन ओवाळलं, कुंकू भिंतीला लावलं, नारळ गेटपाशी फोडला. खिडकीतून मशीन अगदी नीट दिसत होतं. जाताना त्या देसाईसाहेबांना म्हणाल्या की इथे काच बसव, देवाला झाकून ठेवू नये. आठ दिवसांत काच बसली. नाखवांचा चेहरा त्या दिवशी मासळीने भरलेली बोट बंदराला लागल्यासारखा होता.

पुढच्या उन्हाळ्यात ते घडलं. त्या आठवड्यात भोंगा दोनदा उगाच वाजला होता. यंत्राचं काहीतरी बिनसलंय असं आम्ही धरून चाललो होतो. दुपारी जेवणाच्या वेळेला तो तिसऱ्यांदा वाजला. बाकीची मंडळी कॅन्टीनला गेलेली, नाखवा झाडाखाली डबा उघडून बसलेले. विलासने वैतागून पट्टा अंगात चढवला, तो त्याच्या हाताला आता सवयीचा झाला होता. दोरीचं टोक दाराजवळच्या हुकाला अडकवलं आणि तो आत गेला. पंखा लावला नाही, बाहेर माणूस ठेवला नाही. गुडघ्याच्या उंचीचं यंत्र बघायला तो वाकला. मी माझ्या टेबलावरून खिडकीतून बघत होते. तो वाकला आणि उठलाच नाही. अरगॉनच्या नळीचा एक जोड सुटला होता, आणि वायू गुडघ्यापर्यंत साचला होता.

सगळे नियम मी लिहिले होते. मराठीत, हिंदीत, मोठ्या अक्षरांत छापून दारावर मीच चिकटवले होते. पहिलाच नियम: पडलेल्या माणसामागे आत जायचं नाही. आणि मी धावले. पंखा आठवला नाही, दोरी दिसली नाही, फक्त विलासची पाठ दिसत होती. मी दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि मागून कुणीतरी माझ्या ॲप्रनचा पट्टा धरून मला मागे खेचलं. मी ओरडले, हात मारले, नखं रुतवली. कोपराने पंख्याचं बटण दाबल्याचा आवाज आला. मग माझ्या कानाशी नाखवांचा आवाज, नेहमीसारखाच खालच्या पट्टीतला.

"बाय, दोरी हाय. दोरी धर."

त्यांनी माझ्या हातात दोरी दिली. आम्ही दोघांनी ओढली. विलास गुळगुळीत फरशीवरून सरकत आला, दारात कशालाही अडकला नाही, आणि अंगणात उताणा पडला. नाखवांनी त्याची हनुवटी वर केली, तोंडाने दोन श्वास दिले. तिसऱ्याला तो खोकला. त्या खोकल्याइतका सुंदर आवाज मी ऐकलेला नाही.

ॲम्ब्युलन्स त्याला पनवेलला घेऊन गेली. चार दिवसांनी तो परत कामावर आला आणि पुढचा महिनाभर त्याची जीभ टाळ्याला चिकटलेली होती. पण त्या दुपारी ॲम्ब्युलन्स गेल्यावर शेडच्या पायरीवर आम्ही दोघंच होतो. मी रडत होते. विलाससाठी नाही, तो वाचला होता. मला माझी लाज वाटत होती. नाखवांच्या मनगटावर माझ्या नखांचे चार ओरखडे होते आणि त्यातून रक्त येत होतं. मी माफी मागितली. त्यांनी ते मनगट उलटंसुलटं करून कुतूहलाने पाहिलं, पावडरीचे दाणे पाहिले होते तसं. मग त्यांनी सांगितलं.

ते एकोणीस वर्षांचे असतानाची गोष्ट. मामाची बोट करंजाच्या बंदराला उभी होती. मासळी ठेवायचा खण, म्हणजे बोटीच्या पोटातली बंद खोली, तिच्यात थोडी मासळी राहून गेली होती आणि झाकण काही दिवस लावलेलंच होतं. सडलेल्या मासळीच्या वायूने आत श्वास घ्यायला हवा उरली नव्हती. थोरला भाऊ खण धुवायला उतरला आणि पडला. त्याला काढायला मधला उतरला, तोही पडला. तिसरे हे. यांचा पाय खणात होता तेव्हा मामाने मागून कंबर धरली आणि सोडलीच नाही. यांनी मामाच्या हाताचा चावा घेतला, मांस निघेपर्यंत. मामाने तरी सोडलं नाही.

"मना वाटायचं, मामानं माझे भाव मारले," नाखवा म्हणाले. "धा वर्सं मी त्याच्याशी बोललो नाय. मंग कारखान्यात पयल्या ट्रेनिंगला साहेबानं शिकवलं. पडलेल्याच्या मागं जो जातो, तो बी पडतो. मी तिथंच बसलो. मना उठवंना."

त्याच संध्याकाळी ते मामाच्या घरी गेले होते. मी विचारलं, मामा काय म्हणाले?

"काय नाय. मामीला म्हनाला, याचं बी ताट कर."

थोड्या वेळाने ते उठले आणि झाडाखालचा डबा आणायला गेले. भाकरीला मुंग्या लागल्या होत्या. त्या त्यांनी एकेक करून झटकल्या, अर्धी भाकरी मला दिली आणि आम्ही दोघांनी बोंबलाच्या चटणीशी ती खाल्ली. बादलीपाशी त्यांनी तार मनगटाला का गुंडाळली होती, उंबरठा का नको होता, खिडकी कशासाठी हवी होती, हे सगळं मला तेव्हा एकदम कळलं. त्यांनी आमची लॅब आखलीच नव्हती. एकोणिसाव्या वर्षापासून ते त्या खणालाच दार, खिडकी आणि दोरी बसवत आले होते.

दोन वर्षांनी त्यांनी काम सोडलं. निरोप समारंभाला देसाईसाहेबांनी घड्याळ आणलं होतं. नाखवा संकोचत म्हणाले की घड्याळ घरात आहे, त्याऐवजी ते हातात धरायचं जुनं ऑक्सिजनचं मीटर मिळेल का? नवीन आल्यापासून ते कपाटात पडून होतं. निवृत्त माणसाला मीटर कशाला, असं सगळ्यांना वाटलं. पण दिलं.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं. जासईला एका कामासाठी गेले होते, तिथून तशीच करंजाला गेले. त्यांचं घर विचारलं तर एक बाई म्हणाली, "घरी कंचे गावतायत ते, धक्क्यावं बगा." धक्क्यावर लिलावाची गडबड ओसरली होती, बायका पाट्या धूत होत्या. ओळीने उभ्या बोटींपैकी एकीवर नाखवा मला पाठमोरे दिसले. खणाचं झाकण उघडं होतं. दोरीला बांधलेलं ते मीटर त्यांनी खाली सोडलं, थांबले, वर ओढून आकडा वाचला, पुन्हा सोडलं. शेजारी दोन तगडे खलाशी झाडू-बादली घेऊन मुकाट्याने उभे होते. मग त्यांनी मान हलवली. एकाने अंगात पट्टा चढवला, डोळे मिटून, आणि खाली उतरला. दोरी नाखवांच्या मनगटाला दोन वेढे घेऊन सैल होत गेली.

मी धक्क्यावरून हाक मारली, "काका!"

त्यांनी ओळखलं. आवाज ओळखला हे त्यांच्या खांद्यांवरून मला कळलं. मोकळा हात त्यांनी वर केला, पंजा उघडून, थांब अशा अर्थाने. पण वळून पाहिलं नाही. खाली माणूस होता. मी तिथेच एका उपड्या पाटीवर बसले आणि तो वर येईपर्यंत त्यांच्याबरोबर त्या दोरीकडे बघत राहिले.